कर्नलमधून जुने काढताना



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण ही व्याख्यानमाला चालवता, ते आयुष्यभर गणित शिकवत राहिले. त्यांच्या नावाने बोलायला उभे राहून विषय पातळ करणे मला बरे वाटत नाही. म्हणून विषय आहे तसाच मांडतो. शब्द मात्र रोजच्या वापरातले ठेवतो.

लायगोवर बोला, असे आयोजकांनी सुचवले होते. ते स्वाभाविकच आहे. औंढा तालुक्यात, दुधाळ्याच्या माळावर लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मंजुरी आली आणि त्याच वर्षी 11 मे रोजी पायाभरणी झाली. अशा लहरींविषयी, कृष्णविवरांविषयी माझ्यापेक्षा चांगले बोलणारे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पुष्कळ आहेत. माझे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातले. त्या वेधशाळेच्या संगणकांत जे कर्नल चालेल, त्यातून दरवर्षी काही ना काही कायमचे काढून टाकले जाते. काय काढायचे, ते कोण ठरवते आणि ठरवताना कोणाचा आवाज ऐकला जातो, हा माझा आजचा विषय. हिंगोलीशी त्याचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

आधी कर्नल म्हणजे काय ते सांगतो. मोबाइल असो, बँकेतला संगणक असो की रेशन दुकानातले अंगठा घेणारे मशीन असो, त्यात एक मूळ प्रोग्राम अखंड चालू असतो. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यायचा, मेमरी कोणाला कुठली द्यायची, डिस्कवर कोणी लिहायचे, हे तो ठरवतो. तो कर्नल. इतर प्रोग्रामांना डिस्कला परस्पर हात लावता येत नाही. साधी फाइल उघडायची तरी कर्नलला ठरलेल्या क्रमांकाने विनंती करावी लागते, सोबत ठरलेल्या रीतीने माहिती द्यावी लागते, आणि उत्तरही ठरलेल्या रीतीनेच परत येते. या करारालाच इंटरफेस म्हणतात. लिनक्सचे कर्नल लिनस टोर्वाल्ड्स यांनी हेलसिंकीत विद्यार्थी असताना 1991 मध्ये लिहायला घेतले. आज आपल्या खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तेच आहे. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते.

इतकी वर्षे चाललेल्या कामात करार साचत जातात. त्यांतले काही घाईत केलेले असतात, काही अपुऱ्या विचाराने केलेले असतात, आणि काही अशा यंत्रांसाठी केलेले असतात की ती यंत्रे आता भंगारातही सापडत नाहीत. मग ते ठेवायचे कशाला? आणि काढायचे तर कसे?

लिनक्समध्ये याची दोन उत्तरे आहेत. ती एकमेकांपासून इतकी दूर आहेत की एकाच घरातली वाटू नयेत.

पहिले उत्तर बाहेरच्या प्रोग्रामांसाठी आहे. काल जो प्रोग्राम चालत होता, तो कर्नल बदलल्यामुळे आज बंद पडता कामा नये, असा तो नियम. डिसेंबर 2012 मध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कर्नलमधल्या बदलामुळे अडखळलेल्या प्रोग्रामलाच दोष दिला, तेव्हा टोर्वाल्ड्स यांनी त्याला सर्वांसमक्ष अतिशय कडक शब्दांत सुनावले. त्या भाषेचे मी समर्थन करत नाही, त्यांनी स्वतः पुढे आपल्या अशा बोलण्याबद्दल माफी मागितली आहे. पण त्यामागचा नियम मला आजही संगणकशास्त्रातल्या सर्वांत सभ्य नियमांपैकी एक वाटतो. वापरणारा चूक की बरोबर, हा प्रश्नच तिथे येत नाही. त्याचे काम चालू होते, ते चालू राहिले पाहिजे.

असा नियम असताना काढणे कसे जमते, याचा एक नमुना सांगतो. कर्नलच्या अंतर्गत सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठी 'सिस-कंट्रोल' नावाचा एक सिस्टिम कॉल, म्हणजे मघाशी सांगितलेली क्रमांकाची विनंती, होता. तेच काम साध्या फाइलींमधून अधिक सोपे होऊ लागले आणि हा कॉल मागे पडला. 2008 च्या सुरुवातीला आलेल्या 2.6.24 आवृत्तीपासून कोणी तो वापरला की कर्नल आपल्या नोंदवहीत इशारा लिहू लागले. प्रत्यक्षात तो काढला गेला 5.5 आवृत्तीत, जानेवारी 2020 मध्ये. मधे बारा वर्षे गेली. बारा वर्षे इशारा देऊनही त्याचा क्रमांक दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. चौसष्ट बिटांच्या नेहमीच्या (x86) संगणकांवर 156 हा क्रमांक आजही रिकामा आहे. एखाद्या जुन्या प्रोग्रामने तो मागितलाच, तर 'हे काम आता होत नाही' एवढे स्पष्ट उत्तर मिळते, भलतेच काही होत नाही. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

मराठवाड्यातल्या ज्येष्ठांना हे ऐकून हाली सिक्का आठवेल. निजामाच्या राज्याचा रुपया वेगळा होता. बाजारात हाली आणि कलदार असे दोन रुपये चालत, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. राज्य भारतात आल्यावर 1950 मध्ये भारतीय रुपया अधिकृतपणे शेजारी आला. 1951 मध्ये नवा हाली चलनात आणणे थांबले. पण तो रद्दबातल ठरला थेट 1959 मध्ये. मधल्या काळात, 1956 साली राज्य बदलले आणि 1957 च्या एप्रिलमध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले. त्या नऊ वर्षांत परभणी-हिंगोलीच्या अडत दुकानांत किती वेळा हिशेब पुन्हा मांडावे लागले असतील! तरीही क्रम नीट होता. नवे आधी आणले, मग जुने नव्याने चलनात आणणे बंद केले, आणि पुष्कळ काळ गेल्यावर जुने रद्द केले. कर्नलचे शहाणे लोक आज याच क्रमाने चालतात. त्यांच्या दस्तऐवजांत बाहेरच्या करारांसाठी चार कप्पे आहेत: स्थिर, चाचणीतले, कालबाह्य आणि काढलेले. एकेक करार एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकतो.

तरी जुने ठेवण्याला किंमत असते, आणि ती सहसा दिसत नाही. टोर्वाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केले ते 386 प्रोसेसरच्या संगणकावर. त्याच प्रोसेसरचा आधार डिसेंबर 2012 मध्ये कर्नलमधून काढण्यात आला. 386 मध्ये काही सूचना नव्हत्याच. पुढच्या प्रोसेसरांत एका झटक्यात होणारी अदलाबदल तिथे आडवळणाने करावी लागे. मेमरीच्या 'फक्त वाचा' असे म्हटलेल्या पानावर खुद्द कर्नल लिहू लागले, तर 386 त्याला अडवत नसे. त्यामुळे अनेक प्रोसेसर मिळून चालणाऱ्या संगणकासाठी काही सुधारायचे म्हटले, की आधी '386 वर काय होईल' हा प्रश्न सोडवावा लागे. हे वर्षानुवर्षे चालले होते. शिवाय जो भाग कोणी वापरत नाही, तो कोणी तपासतही नाही, आणि सुरक्षेची भोके नेमकी तिथेच पडतात. म्हणून काढणे हे देखभालीचेच काम आहे, असे माझे ठाम मत आहे. जे कर्नल काहीच काढत नाही, ते पुढे कोणालाच नीट सांभाळता येत नाही.

प्रश्न एवढाच राहतो, की वापरणारे आहेत की नाहीत हे कळायचे कसे?

याबाबत 2022 मध्ये घडलेली गोष्ट मला फार शिकवून गेली. 'ए-आउट' हे प्रोग्राम साठवण्याचे लिनक्समधले सर्वांत जुने स्वरूप. त्याची जागा नव्वदच्या दशकातच 'ईएलएफ' या स्वरूपाने घेतली. ते आता काढू या, असा प्रस्ताव आला. कोणी वापरत असेल असे कोणालाच वाटत नव्हते. तेवढ्यात एक जण पुढे आला. अटारी जॅग्वार या जुन्या खेळयंत्रासाठी तो छंद म्हणून प्रोग्राम लिहीत असे, आणि त्याची साधने जुन्या ए-आउट स्वरूपात होती. त्यांचा मूळ मजकूर उपलब्ध नव्हता, त्यामुळे नव्या स्वरूपात आणण्याचा मार्ग नव्हता. जगात असा बहुधा तो एकटाच असेल. त्याला कोणी हसले नाही. कर्नलच्या सुरक्षेचे काम पाहणारे कीस कुक यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. ए-आउट फाइल कर्नलच्या मदतीशिवाय, बाहेरच्या बाहेर मेमरीत चढवून चालवणारा. त्या माणसाची सोय झाली आणि कर्नलमधला तो भाग गेला.

फ्लॉपीचेही तसेच. 2019 मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर 'अनाथ' ठरवण्यात आला, कारण तो तपासायला चालू स्थितीतली यंत्रेच सांभाळणाऱ्याकडे उरली नव्हती. थोड्याच काळात दुसऱ्याने जबाबदारी घेतली, आणि तो राहिला. उलट इटॅनियम हा प्रोसेसर पाहा. एके काळी मोठमोठ्या कंपन्यांनी त्यावर पैज लावली होती. तो 2021 मध्ये अनाथ ठरला, सांभाळायला कोणी पुढे आले नाही, आणि जानेवारी 2024 मध्ये आलेल्या 6.7 आवृत्तीत तो नव्हता. तो गेल्यावर मात्र काही हौशी लोक तक्रार घेऊन आले. तोवर फार उशीर झाला होता.

या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक बाब लख्ख दिसते. जो वेळेवर बोलला त्याचे राहिले, किंवा त्याची पर्यायी सोय झाली. संख्या किती, याला महत्त्व नव्हते. एक माणूस पुरला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. हळदीचा ट्रक वजनकाट्यावर येतो. काट्याच्या खोलीतला डिस्प्ले जुन्या सिरियल पोर्टच्या तारेने संगणकाला जोडलेला असतो. पावती निघते ती अनेक ठिकाणी अजूनही करकर वाजणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. ही यंत्रे वाईट नाहीत. ती टिकाऊ आहेत, दुरुस्त होतात, धुळीत चालतात. पण ती ज्या इंटरफेसवर उभी आहेत, ते काढायचा विचार कधी झाला, तर काटेवाल्याला ते कळणार कसे? कर्नलने नोंदवहीत इशारा लिहिला, तरी ती नोंदवही तो उघडणार नाही. चर्चा इंग्रजीत होते, जगाच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि शांततेचा अर्थ 'कोणी वापरत नाही' असा घेतला जातो. छंदापायी जुने खेळयंत्र जपणाऱ्याला तिथे आवाज आहे. वसमतच्या काट्यावरच्या माणसाला नाही. मला हे अस्वस्थ करते. यात कोणाची दुष्ट बुद्धी नाही. पण शांतता म्हणजे संमती, हे गृहीतक आपल्यासारख्या प्रदेशासाठी चुकीचे आहे आणि ते बदलले पाहिजे. काढणाऱ्यांनी गप्प असलेल्यांचा शोध घ्यायला हवा, आणि गप्प असलेल्यांच्या बाजूने इथून कोणीतरी बोलायला हवे.

हे झाले बाहेरच्या करारांबद्दल. दुसरे उत्तर कर्नलच्या आतल्या करारांसाठी आहे, आणि ते कठोर आहे. कर्नलचे वेगवेगळे भाग एकमेकांशी ज्या फंक्शनांनी बोलतात, ती कधीही बदलतील, कधीही जातील. त्याबद्दल कोणालाही कसलेही वचन नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या धोरणावर लिहिलेला लेख कर्नलच्या मूळ संचातच ठेवलेला आहे. त्यांचे म्हणणे असे, की तुमचा कोड आमच्या संचात आणा, म्हणजे आम्ही आतले काही बदलले की तुमचाही कोड आम्हीच दुरुस्त करून देऊ. बाहेर ठेवलात तर ती दुरुस्ती तुमची तुम्ही करा.

इथे दुधाळ्याचा विषय येतो.

लायगोचा शोधक म्हणजे चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा. त्यांच्या टोकांना सुमारे चाळीस किलोचे आरसे टांगलेले असतात. लहर जाते तेव्हा भुजेच्या लांबीत होणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतो. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या दोन शोधकांनी अशी लहर प्रथम पकडली. पण जमीन हलते, वारा असतो, दूरवर वाहने धावतात. आरसे नुसते टांगून चालत नाही, त्यांना सतत जागेवर धरून ठेवावे लागते. हे काम संगणक करतात. नियंत्रणाची मुख्य चक्रे सेकंदाला 16,384 वेळा फिरतात. म्हणजे मोजमाप घ्या, गणित करा, सुधारणा पाठवा, हे सगळे सुमारे 61 मायक्रोसेकंदांत. एखादे चक्र चुकले तर आरशांवरची पकड सुटू शकते, आणि ती पुन्हा बसवायला वेळ लागतो.

साधा प्रोग्राम इतका वक्तशीर राहू शकत नाही, कारण कर्नल त्याला मधेच थांबवून दुसऱ्याला वेळ देते. म्हणून लायगोच्या अभियंत्यांनी धाडसी मार्ग घेतला. नियंत्रणाची आकृती काढायची, तिच्यातून सी भाषेतला कोड तयार करायचा, आणि तो लिनक्स कर्नलचे मोड्यूल, म्हणजे चालू कर्नलला जोडता येणारा भाग, म्हणून चढवायचा. चढल्यावर ते मोड्यूल प्रोसेसरचा एक अख्खा कोर लिनक्सकडून काढून घेते. लिनक्सच्या लेखी तो कोर बंद असतो. प्रत्यक्षात त्यावर फक्त आरशांचे गणित चाललेले असते, दुसरे काही नाही. मला ही रचना सुंदर वाटते. पण ती उभी आहे ती ज्यांचे वचन नाही अशा आतल्या करारांवर.

हे करार कसे जातात पाहा. कर्नलच्या आत अपूर्णांकांची गणिते करायची तर त्याआधी आणि नंतर विशिष्ट फंक्शने बोलवावी लागतात. मार्च 2019 च्या 5.0 आवृत्तीत त्यांतले एक जुने फंक्शन बाहेरच्या मोड्यूलांना मिळेनासे झाले. त्याचा फटका कर्नलच्या संचाबाहेर असलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमला बसला. प्रोसेसरच्या जलद सूचनांसाठीही हीच फंक्शने लागत, आणि त्या सूचनांमुळे तिला जो वेग मिळत होता, तो नव्या कर्नलवर काही महिने बंद राहिला. पुढे त्या लोकांनी स्वतःची वेगळी व्यवस्था लिहिली. 2020 मध्ये, 5.7 आवृत्तीत, प्रोसेसरचा कोर बंद किंवा चालू करणारी जुनी दोन फंक्शने अशीच आत झाकली गेली आणि त्यांच्या जागी नवी दोन आली. बदल योग्य होता. जुन्या मार्गाने कोर बंद केला तर त्याची खबर कर्नलच्या दुसऱ्या एका भागाला लागत नसे. पण ज्या मोड्यूलाचे पहिलेच काम कोर ताब्यात घेणे हे आहे, त्याच्यासाठी अशी बारीक दुरुस्तीही जीव टांगणीला लावणारी असते.

अमेरिकेतल्या दोन वेधशाळांसारखाच शोधक इथे बसायचा आहे. तेव्हा नियंत्रणाची ही पद्धतही सोबत येईल, असे धरून मी बोलतो. इमारतीचे, निर्वात नळ्यांचे, लेसरचे आयुष्य दशकांत मोजतात. कर्नलच्या आवृत्तीचे आयुष्य आठवड्यांत, आणि दीर्घ आधाराच्या आवृत्तीचे फार तर काही वर्षांत. 2030 च्या सुमारास वेधशाळा सुरू करण्याचे उद्दिष्ट आहे. त्यानंतर ती जितकी वर्षे चालेल, त्या प्रत्येक वर्षी कर्नलच्या आतले काही ना काही तिच्या पायाखालून जाईल. ते आधी ओळखणे, मोड्यूल बदलणे, तपासणे, आणि जिथे आपली गरज खरी आहे तिथे 'हे अजून लागते' असे सकारण लिहून कळवणे, हे कायमचे काम आहे. एखाद्या कंत्राटात ते एकदा करून संपत नाही. यासाठी तयार झालेली माणसे हवीत, आणि ती इथली का नसावीत? जमीन इथली, पाणी इथले, मग आरसे धरून ठेवणारा कोड सांभाळणारे हातही इथले असावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

काय कधी जाईल हे सहसा आधी कळत नाही. दोन तारखा मात्र सांगतो, कारण त्या निश्चित आहेत. एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या जुन्या, चौथ्या स्वरूपाचा आधार सप्टेंबर 2030 मध्ये कर्नलमधून काढायचा, असे दस्तऐवजांत आधीच लिहून ठेवले आहे. एखाद्या कार्यालयाच्या जुन्या सर्व्हरवर या स्वरूपातली डिस्क असेल, तर तिच्यातली माहिती त्याआधी हलवावी लागेल. ते स्वरूप थेट बदलता येत नाही, नवी डिस्क बनवून नक्कल करावी लागते.

दुसरी तारीख 19 जानेवारी 2038. त्या दिवशी सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी, आपल्या घड्याळाप्रमाणे, बत्तीस बिटांत वेळ मोजणारा जुना करार संपतो. 1970 च्या आरंभापासूनचे सेकंद मोजणारा आकडा भरतो आणि उलटतो, आणि तशा यंत्राला वाटते की आपण 1901 च्या डिसेंबरात आहोत. आर्न्ड बर्गमन, दीपा दिनामणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले. 2019 च्या 5.1 आवृत्तीत बत्तीस बिटांच्या यंत्रांसाठी नवे सिस्टिम कॉल आले, आणि 2020 च्या 5.6 पासून अशी यंत्रे 2038 ओलांडू शकतील अशी तयारी झाली. जुने कॉल त्यांनी तोडले नाहीत, शेजारी ठेवले. कोणाला हवे तर कर्नल बांधताना ते बंद करता येतात. इतके सर्वव्यापी काहीतरी निवृत्त करायचे आणि एकही चालता प्रोग्राम मोडायचा नाही, हे त्यांनी करून दाखवले. मोठे संगणक चौसष्ट बिटांचे आहेत, त्यांची चिंता नाही. चिंता आहे ती भिंतीवर, डब्यात, खांबावर बसवलेल्या लहान यंत्रांची. त्यांचे कर्नल एकदा भरले की पुन्हा कोणी बदलत नाही.

इथे अभियांत्रिकीचे आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी बसले आहेत, काही नांदेडहून आले आहेत. तुम्हाला एक नेमके काम सुचवतो. नव्या बदलांसाठी ठेवलेले दोन आठवडे सोडले, तर दर रविवारी पुढच्या कर्नलची चाचणी-आवृत्ती निघते. पक्की आवृत्ती येईपर्यंत अशा सात-आठ निघतात. प्रयोगशाळेतला टाकून दिलेला एक संगणक घ्या, सिरियल पोर्ट असलेला. त्याला एखादा जुना काट्याचा डिस्प्ले आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडा. दर आठवड्याला ती चाचणी-आवृत्ती त्यावर चढवा, वजन वाचले जाते का, पावती निघते का, ते पाहा आणि नोंदवहीतला प्रत्येक इशारा वाचा. काही बिघडले तर कोणत्या आवृत्तीपर्यंत चालत होते आणि कोणत्या आवृत्तीत थांबले, हे शोधून कळवा. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते, आवृत्तीचा क्रमांक बरोबर असला पाहिजे. पक्की आवृत्ती येण्यापूर्वी असे पत्र पोचले, तर बहुतेक वेळा तो बदल दुरुस्त केला जातो किंवा मागे घेतला जातो.